तेल पांढरं पडलं तो मंगळवार

मित्रांनो, ब्राउनश्वाइगच्या एका रसायनशाळेतला जुना व्हॅक्यूम पंप आहे मी. काचेच्या भांड्यातली हवा ओढून घ्यायची, म्हणजे आतली ओली पावडर वाळते, हे माझं काम. वीस वर्षं राबलो. मग आवाज न करणारे नवे पंप आले आणि माझी रवानगी तळघरात झाली.

तिथून मला वर आणलं डॉ. लोरेट्टा यांनी. त्या अमेरिकेतल्या, अलाबामाच्या, कृष्णवर्णीय. आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. घरातून कॉलेजात गेलेल्या त्या पहिल्याच. पीएचडीनंतर इथे दोन वर्षं, तिथे दोन वर्षं, असं करत त्या जर्मनीला पोचल्या. दर शुक्रवारी माझं तेल त्या स्वतः बदलायच्या.

यंदा त्यांच्या कायमच्या नोकरीचा निकाल होता. स्वतः शोधलेली पावडर पुन्हा बनवून शुक्रवारी समितीला दाखवायची होती. मंगळवारी ती वाळवायचं काम विभावरीकडे होतं. ही पुण्याची, इथे पीएचडी करते. माझ्या आधीची काचेची नळी द्रव नायट्रोजनने थंड ठेवावी लागते, म्हणजे वाफा तिथेच गोठतात. पण तिच्या तीन वर्षांच्या अन्वीचं पाळणाघर, इथली किटा, चारला बंद होते. उशीर झाला की तिथल्या बाई घड्याळाकडे बघतात. त्या घाईत विभावरीने मला सुरू केलं आणि नळी तशीच राहिली.

न गोठलेल्या वाफा रात्रभर माझ्या तेलात शिरल्या. सकाळी माझं तेल ताकासारखं पांढरं, ओढ गेलेली, आणि पावडर ओलीच राहून वाया.

सगळे म्हणाले, पंपच जुना. विभावरीला गप्प बसणं सोपं होतं. पण ती म्हणाली, "पंपाचा दोष नाही. नायट्रोजन मी विसरले. आता मला काढणार का तुम्ही?"

लोरेट्टा जमिनीवर बसून माझं तेल काढत होत्या. "माझ्या पहिल्या प्रयोगशाळेत काही बिघडलं की कुणी विचारायचं नाही. सगळे माझ्याकडे बघायचे. तू आपणहून सांगितलंस. चल, हा डबा धर. आणि उद्यापासून साडेतीनला निघ, शेवटचं मी बघेन."

तीनदा तेल बदलल्यावर माझा घसा मोकळा झाला. शुक्रवारी नव्याने बनवलेली पावडर समितीपुढे गेली. चिमूटभरच, पण शुद्ध. एक खेप आमच्या चुकीने वाया गेली, हेही लोरेट्टांनी विभावरीचं नाव न घेता सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या दारावर चिकटवलेला नावाचा कागद निघाला आणि कायमची पितळी पाटी लागली.

मित्रांनो, यंत्राला तोंड नसतं. आपली चूक त्याच्या माथी मारणं फार सोपं असतं. एकट्या पडलेल्या माणसाच्या माथी मारणंही. म्हणून मला सुरू करण्याआधी नळी थंड करा. विसरलात, तर कुणी दुसऱ्याकडे बघायच्या आत सांगून टाका.