सिकाई

क्षितिजाला बोलता येत नव्हतं आणि रत्नप्रभाबाईंना बोलायचा धीर होत नव्हता. दोघींच्या मधे, टेबलावर, गरम पाण्याची रबरी पिशवी अंगातली शेवटची ऊब धरून पडली होती.

काल दुपारी लेकीची खालची अक्कलदाढ हाड कोरून काढली होती. आज सकाळी गाल डोळ्यापर्यंत चढलेला, तोंड जेमतेम बोटभर उघडणारं; आणि उद्या अकरा वाजता मोहालीला, नॉलेज सिटीतल्या संशोधन संस्थेत, पीएचडीची मुलाखत.

अखेर रत्नप्रभाबाईंनी दवाखान्याला फोन लावला.

"नमस्ते जी. आपने बोला था वैसी सिकाई कर रही हूँ, पर सूजन तो बढ़ गई."

"किससे कर रहे हो आप?"

"गरम पानी की थैली से. हर घंटे."

"मैडम जी, बर्फ की सिकाई बोली थी! गरम अभी बिल्कुल नहीं. और गोली टाइम पे दो, दर्द का इंतज़ार मत करो."

त्यांनी फोन ठेवला. नवऱ्याच्या हवाई दलातल्या बदल्यांमागोमाग सात गावांत त्यांनी याच हिंदीवर संसार मांडला होता. भाजीवाल्यापासून कमांडरच्या बायकोपर्यंत कुठे अडलं नव्हतं. आणि आता हा एक शब्द, सिकाई. मराठीत शेक म्हणजे ऊब. बर्फानं कुणी शेकतं का?

"पण तू तर याच भाषेत वाढलीस," त्या म्हणाल्या. स्वर नको तितका चढला. "तुला कळलं होतं ना? मग सांगायचंस!"

क्षितिजानं पिशवी उचलली आणि खालची वही त्यांच्यापुढे सरकवली. पान ओलसर होतं, निळी शाई फुटली होती, तरी अक्षरं वाचता येत होती: आई, बर्फ. गरम नहीं.

कालची संध्याकाळ रत्नप्रभाबाईंच्या अंगावर आली. लेक वही नाचवत होती, मान हलवत होती. "नाटकं पुरे," त्या म्हणाल्या होत्या, "हिंदी मला शिकवू नकोस," आणि न वाचताच वही बाजूला सारली होती. पाझरणारी पिशवी प्रत्येक खेपेला टेकवली ती त्याच वहीवर.

त्यांनी फ्रीजमधून बर्फ काढला, पंच्यात गुंडाळला आणि गालाकडे नेला. क्षितिजानं तो हातातूनच काढून घेतला. स्वतः लावला. डोळे मिटून कळ गिळली.

"उद्या मी येते ना बरोबर," रत्नप्रभाबाई घाईनं म्हणाल्या. "तुला बोलता नाही आलं तर मी सांगेन त्यांना सगळं. हिंदीतून सांगेन नीट. येऊ ना?"

क्षितिजानं त्यांच्याकडे पाहिलं. मग उत्तर न लिहिताच वही काखेत घेतली, पेन टेबलावरच राहू दिलं, आणि गालाशी बर्फ धरून ती आपल्या खोलीकडे निघून गेली.