पश्चिमेचा निम्मा बांध

"वाच. परत वाच," शोभनाबाई म्हणाल्या.

विनायकने मोबाइल जवळ धरला. गावच्या शेतशेजारी भानुदासने तलाठ्याकडे दिलेल्या अर्जाचा फोटो होता. 'सामायिक बांधाची देखभाल तीन वर्षे मी एकटा करतो. सामनेवाल्यांनी तसे लेखी कळवले आहे. सबब बांध माझ्या हद्दीत धरावा.' खाली विनायकचाच मेसेज जोडलेला: काका, आम्ही लांब, बांधाचं तुम्हीच बघा.

"हे तू लिहिलंस?"

"आई, बोलायची पद्धत असते ती. चंदीगडहून मी काय दगड रचणार होतो?"

"तू कशाला रचशील. दिवसभर सह्या ठोकतोस, हवाई दलातला साहेब, आणि आपल्या शब्दाला काय वजन ते कळत नाही?"

अक्षय तृतीया झाली की दोन्ही घरं बांधावर उतरायची. पूर्वेचा निम्मा भानुदासचा, पश्चिमेचा यांचा. ढासळलेले दगड आणि काटेरी कुंपण ज्याचं त्याने बघायचं. नवरा पलटणीत, म्हणून चाळीस उन्हाळे शोभनाबाईंनी आपला निम्मा एकटीने रचला. शाळा तिसरीपर्यंतच, पण कुठला दगड कुठे बसेल ते हाताला ठाऊक. गुडघे गेले म्हणून तीन वर्षांपूर्वी विनायकने इथे आणलं. इथे क्वार्टरभोवतीची मेंदी सरकारी माळी कापून जातो. आपली हद्द कुठे संपते ते शेजारणीला सांगता येत नाही.

"मी वकिलाला विचारलंय," विनायक म्हणाला. "बांध दोघांचा, तर राखायची जबाबदारीही दोघांची. एकट्याने राखला म्हणून तो त्याचा होत नाही. पण गुरुवारी मोजणी आहे, तिथे आपलं कुणीतरी हवं. मला सुट्टी नाही."

सोफ्यावरून नात अवनी म्हणाली, "छोड़ो ना आजी, एक दीवार ही तो है."

"हो, दीवारच. तिच्या आतलं खाऊनच तुझा बाप साहेब झाला. लाव रे त्या भानुदासला फोन."

"वहिनी, नमस्कार," भानुदासचा आवाज मधाळ. "बांध पडलेला, जनावरं शिरायची. मी नाही तर कोण करणार?"

"मला एक फोन करायला बोटं झिजली होती तुझी?"

"विनायकरावच म्हणाले..."

"तो बघ म्हणाला. गिळ नाही म्हणाला. गुरुवारी येते मी. मोजणी झाली की माझा निम्मा मीच रचणार."

"या वयात?" तो हसला.

"तू टेप धर. दगड मी धरते."

दुसऱ्या दिवशी सेक्टर ४३च्या बसस्थानकावर दिल्लीची बस लागली होती. पुढे रेल्वेचं तिकीट काढलेलं. विनायक पिशवी वर ठेवून आला, "मी सुट्टी मागून बघू का?" म्हणाला. शोभनाबाई तिकीट पदराच्या गाठीत बांधत होत्या.

सून वंदना पाया पडायला वाकली. तिला उठवून शोभनाबाईंनी हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढायला घेतल्या. एके काळी साबण लावून ओढाव्या लागत. आज हात नुसता खाली केला, तशा त्या निसटून तळव्यात आल्या.

"दगड उचलताना अडतात," पाटल्या वंदनाच्या हातात ठेवत त्या म्हणाल्या आणि मोकळी मनगटं पदराखाली घेऊन बसमध्ये चढल्या.