शेपटाकडचा तुकडा

“आजीला सांगायचं नाही हं,” शेखर मुक्ताला म्हणाला आणि तिने शहाण्यासारखी मान हलवली. चार वर्षांच्या पोरीला लपवाछपवी शिकवायला बापाला एवढाच वेळ लागला.

वैतरणेच्या पाण्यावर आम्ही शनिवार-रविवारसाठी आलो होतो. एप्रिलमध्ये पाणी मागे सरकतं आणि काठाला भेगाळलेला गाळ उघडा पडतो. वरून तो कोरडा दिसतो, पण आत पाय रुततो. मी मुक्ताचा फ्रॉक मागून घट्ट धरून बसले होते. शेखरचा ऑफिसातला मित्र हर्षल याने हा कॅम्प शोधून काढला होता. गळ कॅम्पवाल्यांचेच, आमिषाला कणकेच्या गोळ्या त्यांच्याच, आणि लागलेला मासा तिथेच तळून मिळणार.

“वहिनी, सोडा तिला. मासा काय पोरीला ओढून नेणार आहे का?” हर्षल हसत म्हणाला.

मी सोडलं नाही.

माझ्या सासूबाई माळकरी. नांदगावच्या त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिरत नाही. माझं माहेर दारणेकाठचं. मासा कसा निवडायचा, कसा कापायचा, लहान पोराला कुठला तुकडा द्यायचा, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून येतं. लग्न ठरताना मी मासे सोडायचं कबूल केलं आणि सोडलेही. शेखर मात्र हॉटेलात खात राहिला. आईसमोर माळकऱ्याचा मुलगा, बाहेर सुरमई थाळी.

मला त्याचं काही नव्हतं. मला होती जूनची काळजी. अंबडच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी रुजू होणार होते. मुक्ताच्या जन्मापासून एमएस्सीची पदवी घेऊन मी घरात पोळ्या लाटत होते. पाळणाघर शेखरला चालत नव्हतं. शेवटी सासूबाई आमच्याकडे इंदिरानगरला येऊन राहायला तयार झाल्या, पण एका अटीवर. “पोरीच्या तोंडाला मासळी लागली नाय पायजे. लागली का मी आली तशी माघारी. मंग तुमची पोर तुम्ही सांभाळा.”

म्हणून निघताना मी शेखरला बजावलं होतं, तू काय खायचं ते खा, तिला नको. “हो गं बाई,” तो म्हणाला होता.

दुपारी त्याच्या गळाला रोहू लागला. चांगला दीड-दोन किलोचा. मुक्ता टाळ्या पिटत नाचली आणि शेखरच्या अंगात वारं शिरलं. बापाने पकडलेला मासा पोरीने चाखायलाच हवा. मी नको म्हटलं, तर म्हणाला, “एक घास. कोण सांगायला जातंय?” आणि तिला ते आजीचं बजावलं.

ताट आलं. त्याने नेमका शेपटाकडचा तुकडा उचलला.

“तो नको. रोहूचं शेपूट म्हणजे नुसते काटे. द्यायचंच असेल तर पोटाकडचं दे, मी निवडून देते.”

“ऐक हर्षल! सहा वर्षं उपास आणि तरी मासळीबाजाराच्या मास्तरीणबाई.” तो मोठ्याने हसला. “अगं, मधला काटा काढला की झालं. रोज खातो मी.”

तो खातो ती सुरमई. तिला मधला एकच काटा. गोड्या पाण्यातला मासा त्याने घरी कधी पाहिलाच नव्हता, चोरून खाणाऱ्याला हॉटेलवाला देईल तेवढंच ठाऊक. मी हात पुढे करेपर्यंत घास तिच्या तोंडात गेला होता.

मुक्ता खोकली, रडायला लागली. मग रडायचीही थांबली, नुसती बघत राहिली. मी तिला उन्हात नेलं, मान मागे केली, हर्षलला तिचे हात धरायला लावले. टॉन्सिलपाशी काट्याचं टोक दिसत होतं. माझ्या पर्समध्ये चिमटा असतो. त्यावरून शेखर नेहमी चेष्टा करतो. काटा निघाला, थुंकीत थोडं रक्त आलं. शेखर लांब उभा राहून “निघाला का? निघाला का?” विचारत होता.

दिवेलागणीला सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नातीकडून ‘रामकृष्णहरी’ ऐकल्याशिवाय त्या जेवत नाहीत. मुक्ता म्हणाली, पण घोगरं.

“घसा का गं बसला माझ्या बाईचा?”

मुक्ताने बापाकडे पाहिलं. मग तिला रडू फुटलं. “काटा टोचला.”

“कशाचा काटा?”

मी तोंड उघडायच्या आत शेखर बोलला. “अगं आई, निकिताने जरा... तिला माहेरची सवय ना.”

इतक्या सहज. भाजीत मीठ टाकावं तसं.

मी फोन हिसकावून घेतला. “आई, मासा ह्यांनी पकडला आणि ह्यांनीच भरवला. मी नको म्हणत होते. मुक्ताला विचारा.”

त्या शांतपणे म्हणाल्या, “मला ठावं नाय व्हय तो खातो ते? नोकरीला लागला तवापासून खातो. बाप्या माणूस, बाहेर काय बी करतो. तू तर आई हायेस ना? तुझ्या डोळ्यांदेखत पोरीच्या नरड्यात काटा गेला. मी नाय येत आता.”

फोन बंद झाला.

शेखर माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. “म्हणजे आईला माहीत होतं!” तो म्हणाला. “आणि मी येडा इतकी वर्षं लपवत होतो.” तो चक्क हसला.

“आणि जूनचं काय?”

“पुढच्या वर्षी बघू. मुक्ता शाळेत जायला लागेल. नोकऱ्या काय पळून चालल्यात?”

मी तंबूत मुक्ताला चमच्याने गार दूध पाजत बसले. प्रत्येक घोटाला ती कपाळ आक्रसत होती. थोड्या वेळाने शेखर आत डोकावला. हर्षलला आणखी दोन रोहू लागले होते.

“बर्फात घालून घरी नेऊ या का गं? आता आई येत नाहीये, तर घरी शिजवायला काही हरकत नाही. तुला साफ करता येतं ना?”

“येतं,” मी म्हटलं, आणि पुढचा चमचा भरला.