सांग तुझ्या बापाला

सयाजी आणि विजयमाला यांचं बिनसलं ते एका फेट्यावरून. विजयमालाच्या भावाचं लग्न होतं, साताऱ्याकडं. मांडवात तिच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, धाकट्या जावयाला आधी फेटा बांधला आणि थोरल्या सयाजीला मागून. धाकटा पुण्यात कारकून, सयाजी वाशीच्या बाजारात पाठीवर गोण्या वाहणारा माथाडी. नानांच्या ते ध्यानातही आलं नसेल. पण सयाजीचा राग नाकाच्या शेंड्यावर. भर मांडवातून उठून तो बायकोला म्हणाला, "चल." ती म्हणाली, "अक्षता तरी पडू द्या." तो एकटाच परत आला.

ती मागाहून पोरांना घेऊन आली, तेव्हापासून अबोला. घणसोली गावात मालतीबाईंच्या चाळीत त्यांची भाड्याची एकच खोली. एवढ्याशा खोलीत दोन माणसांना न बोलता संसार करायचा, तर तिसरं कुणीतरी लागतंच. धाकटा स्वराज अजून बोबडं बोलत होता. म्हणून चौथीतली राजेश्वरी कामाला आली.

"राजे, सांग तुझ्या बापाला, रॉकेल संपलंय."

"राजे, सांग तुझ्या आईला, बाप बहिरा न्हाई."

हे झालं समोरासमोरचं. जास्त कडू निरोप असायचे ते पाठीमागचे. सयाजी पहाटे बाजारात जायचा आणि दुपारी परतायचा. तोवर विजयमाला स्वराजला मालतीबाईंकडे सोपवून धुण्याभांड्याला गेलेली असायची. ती दिवेलागणीला यायची, तेव्हा तो देवळाच्या पारावर. मधल्या वेळचा सगळा राग राजीच्या पदरात टाकून दोघं मोकळे.

"भाकरी टोपल्यात हाय. गिळा म्हणावं," आई जाताना म्हणाली.

दुपारी तिचे आप्पा, सयाजी, आले. मानेवर गोणीचा वळ, डोळे तांबारलेले. राजी भ्याली. म्हणाली, "आई म्हणत होती, दमून आला असाल, आधी जेवून घ्या."

आप्पांच्या कपाळावरची आठी सैल पडली. ती आठी राजीनं पाहिली आणि तिला किल्ली सापडली.

मग रोज तेच. आप्पा म्हणायचे, "आमटी नुसतं पाणी. तिच्या माहेरच्या मायेसारखी, म्हणावं." राजी आईला सांगायची, "आप्पांनी दोनदा आमटी घेतली." हळूहळू घराला उबारा आला. सयाजीनं कधी नव्हे ते बाजारातून पावट्याच्या शेंगा आणल्या. "आज कुणाचे डोहाळे?" असं विजयमालानं भिंतीला विचारलं, पण शेंगा सोलताना ती गुणगुणत होती. दुसऱ्या दिवशी सयाजीच्या अंघोळीचं पाणी न सांगता तापलं.

एकदा का ही दोघं बोलली की आपण सुटलो, एवढंच राजीला हवं होतं. पण जीभ एकदा वळली की शाळेच्या दारात सरळ होत नाही. बाई विचारायच्या, "गणित समजलं का गं?" ती म्हणायची, "छान समजलं." समोरच्याला काय ऐकायला गोड लागेल, ते तिला त्याच्या भुवईवरून कळायचं. स्वतःला काय वाटतं, ते मात्र पाटीवरचं पुसल्यासारखं झालं होतं.

शेवटी तिनं एकच मोठी उडी घ्यायची ठरवली. "आप्पा, आई म्हणत होती, नानांचं चुकलंच. आधीचा फेटा तुमचाच होता."

सयाजी त्या संध्याकाळी पारावर गेला नाही. विजयमाला दारात चप्पल काढत होती तोच म्हणाला, "राजे, सांग तुझ्या आईला, पटलं ते बरं झालं. मी काय मनात धरून बसणारा माणूस न्हाई."

"काय पटलं? विचार त्यांना."

"नानांची चूक."

विजयमालानं पोरीकडं पाहिलं. "मी म्हणलं? कवा म्हणलं?"

राजी मागं सरकली. मग दोघांनी मिळून तिचा एकेक निरोप उलगडायला घेतला.

"राजे, विचार त्यांना, आमटी खरंच दोनदा घेतली का?"

"आमटी? सांग तिला, ती तर मी मोरीत ओतली."

विजयमालाचा चेहरा उतरला. त्या आमटीच्या भरवशावर ती शेंगा सोलताना गुणगुणली होती. फसवलं याचा राग माणूस एक वेळ गिळतो, पण फसून हसलो, याचा गिळत नाही. तिनं स्टोव्ह पेटवला, उलथणं जाळात धरलं आणि म्हणाली, "अहो, धरा तिला."

इतक्या महिन्यांत नवऱ्याशी ती थेट बोलली ते हे तीन शब्द.

सयाजीनं धरलं. पोतं धरायची सवय असलेले हात ते. "पोटरीवर दे," तो म्हणाला. "वर दे, परकराखाली झाकेल."

"इथं?"

"हां, तिथं."

राजी किंचाळली. मालतीबाईंच्या ओट्यावरची कोंबडी फडफडली. पण किंचाळतानाही राजीच्या कानांनी ते 'अहो' टिपून घेतलं होतं.

नंतर दोघं चहा प्यायली. राजी कोपऱ्यात पोटरीवर फुंकर घालत होती.

"कुणावर गेली ओ ही?"

"तुझ्या नानांवर."

आणि विजयमाला चक्क हसली. ज्या नानांवरून घर जळत होतं, त्यांच्याच नावानं.

तेव्हापासून राजीचं नाव पडलं आकाशवाणी. "काय आकाशवाणी, आजच्या बातम्या काय?" सयाजी ताटावर बसता बसता विचारायचा, विजयमाला पदरात तोंड लपवायची. चाळीत येईल-जाईल त्याला दोघं एका सुरात सांगत, "हिच्यावर इस्वास ठेवू नका बरं का." एकाचं वाक्य दुसरं पुरं करायचं. राजीही हसायची. पोटरी बरी होत आली, निरोप बंद झाले, आणि आई-आप्पा बोलत होते. यापेक्षा जास्त तिनं मागितलंच कुठं होतं?

दिवाळी आली. विजयमालाला भाऊबीजेला माहेरी जायचं होतं. सयाजी म्हणाला, "जा. फेटा घेऊन ये माझा." ती गेली, रिकाम्या हातानं परत आली, आणि पुन्हा अबोला. या खेपेला तर निरोपसुद्धा नाहीत. खोटारडीच्या हाती कोण देणार? खोलीत नुसत्या भांड्यांचे आवाज.

राजीनं दूध सांडलं. आईनं धपाटा घातला, एकटीनं. तिनं पुस्तक फाडलं. आप्पांनी कान पिळला, एकट्यानं. दोघांनी आपापल्या वेळेला, आपापल्या हातानं मारलं आणि पुन्हा तोंडं फिरवली. एकेकट्याचा मार काही उपयोगाचा नव्हता.

रविवारी दोघंही घरात होती. स्वराज ओट्याच्या कडेला वाटीतले कुरमुरे वेचत होता. खाली फरशीचे तुकडे पडले होते. राजी त्याच्यामागं जाऊन उभी राहिली. त्यानं वळून एक कुरमुरा तिच्यापुढं धरला. तिनं तो खाल्ला. मग दोन्ही हातांनी त्याला ढकललं.

पोराचं कपाळ फुटलं. आतून दोघं एकदमच धावली.

"अहो, रिक्षा बघा!"

"तू पदर दाब आधी. दाब घट्ट. आलोच!"

रिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंत आली. विजयमालाच्या मांडीवर पोर, सयाजीचा हात तिच्या खांद्यावर, दोघं एकमेकांना काही ना काही सांगतच गेली.

राजी ओट्यावर उभी राहून त्या रिक्षाकडे बघत होती. मागून मालतीबाई आल्या. हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं.

"पोरी, मी सगला बगितला हाय. तूच ढकललास त्याला."

"हो."

"अगो, सख्खा भाव तुजा! मेला असता तं? येऊ दे तुज्या आयबापाला. सांगतेच बग."

राजीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. भ्यायलेल्या पोराचं तोंड ते नव्हतं.

"सांगा," ती म्हणाली. "पण एकेकट्याला नका सांगू, मालतीबाई. दोघांना एकदम सांगा."