पगारी सुट्टी

"तेवढी मजुरी मला न्हाय परवडत, यल्लव्वा," मागावरची नजर न काढता सुबराव म्हणाला. "सरकारला काय, आकडा लिवायचा आन सोडून द्यायचा."

यल्लव्वानं भरलेली कांडी टोपलीत टाकली. वडगावातल्या त्या घराच्या पुढच्या सोप्यात सुबरावचे दोन यंत्रमाग होते. साड्यांसाठी लागणारं सूत रहाटावर फिरवून कांड्या भरायचं काम यल्लव्वा आणि सुबरावची बायको मंगल, दोघी मिळून करत.

"मग मी येतो, अण्णा. पलीकडल्या गल्लीत नवा कारखाना झालाय. तितं किमान वेतन देत्यात. आठवड्याला सुट्टी, तीबी पगारी."

भांडण काही झालं नाही. मंगलनं तिला चहा दिला, तो पिऊन ती गेली.

सगळ्या कांड्या आता मंगलच्या अंगावर पडल्या. लग्न होऊन आल्यापासून ती हेच करत आली होती. पाणी, स्वयंपाक, धुणं, आणि उरलेल्या वेळात सूत. त्याची मजुरी तिनं कधी मागितली नव्हती, कुणाला द्यायचं सुचलंही नव्हतं. पण यल्लव्वाचा तो शब्द तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी एकदा जेवायला वाढताना तिनं विचारलं,

"किमान वेतन म्हंजी नेमकं काय वो?"

"त्येच्या खाली कुणाला राबवायचं न्हाय, आसा कायदा."

"आन घरच्या माणसाला?"

सुबरावला हसू आलं. "घरच्याला कसला आलाय कायदा?"

मंगल हसली नाही. तिनं त्याला आणखी अर्धी भाकरी वाढली आणि म्हणाली, "सोमवारपास्नं मीबी यल्लव्वासंगं जातो."

सुबरावचा घास हातातच राहिला. "सोताचं माग आसून बायको दुसऱ्याच्या दारात? गल्लीत तोंड कसं दाखवू?"

"तितंबी कांड्याच भरायच्या. मला एकदा बघायचंय."

काय बघायचंय, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

ती गेली. कांड्या पुरेनात, घरातला एक माग बंद पडला. सुबराव चार दिवस धुसफुसत राहिला. पाचव्या दिवशी नळाचं पाणी मात्र त्यानंच भरून ठेवलं.

रविवारी दुपारी भांडी घासून झाल्यावर सोप्यातून हाक आली, "मंगल, जरा कांड्या दे गं भरून."

"आज सुट्टी हाय," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. ती आत जाऊन चटईवर आडवी झाली. आजारपण सोडलं तर भर दिवसा तिनं कधी पाठ टेकली नव्हती. मागाच्या खडखडाटातच तिचा डोळा लागला.

जाग आली ती शांततेनं. घर गप्प होतं.

"लाइट गेली काय वो?"

"न्हाय," सोप्यातून आवाज आला. "निज तू."

मग रहाटाची कुरकुर ऐकू आली. सुबराव कांड्या भरत होता. सूत तुटायचं, रहाट थांबायचा, तो गाठ मारून पुन्हा फिरवायचा.

मंगल उठली नाही.