शेठ येणार म्हणून वर चढलेला कूलर

लोखंडाच्या ओतशाळेचं काम मिळालं तर मधुकररावांचा फायदा सरळ होता. वरच्या पत्र्याखालच्या हॉलमधून त्यांची खुर्ची खाली, साहेबांच्या केबिनमध्ये, थेट कूलरच्या तोंडासमोर लागणार होती. धरमपेठेतली ही सल्लागार कंपनी, कारखान्यांना मजुरांकडून जास्त काम कसं काढावं ते शिकवणारी. मधुकरराव तिचे हेडक्लार्क. त्यांनी एवढंच करायचं, हॉल गप्प ठेवायचा.

अठ्ठ्याहत्तरचा मे. तारा त्याच ओतशाळेच्या शेठला दाखवायचा अहवाल टाइप करत होती. ‘मजुरांस थंड हवा द्यावी.’ अक्षरांवर तिचाच घाम टपकत होता. शेजारची प्रेमिला, पाचव्या महिन्याची गरोदर, सोमवारी मशीनवरच कोसळली होती. खाली साहेबांचा कूलर मात्र गार. त्याचं पाणी हॉलमधलेच लोक पाळीपाळीने भरत.

"प्रेमिलासाठी तरी एक कूलर लावा," तारा म्हणाली.

"शेठची करारावर सही होऊ द्या, मग पाहू," मधुकरराव म्हणाले.

शेठ आले त्या दिवशी केबिनमधला कूलर उचलून हॉलमध्ये आणला. वाळ्याचा वास सुटला. मधुकरराव कुजबुजले, "विचारलं तर रोजच असते म्हणा, ताराबाई."

शेठने विचारलंच. "वा! रोज असते हा?"

"आज आला," तारा म्हणाली. "तुमी गेले का जाईन. अन् हे पोरगी सोमवारी इथंच पडली, तुमचाच रिपोर्ट टाइप करता करता."

साहेब पांढरे पडले. शेठ मात्र पोट धरून हसले. "म्हंजे फॅक्टरी इन्स्पेक्टर येईन त्याच दिवशी लावायचा! हे रिपोर्टात काहून नाही लिहिलं गा, साहेब?"

आणि सही केली.

कूलर खाली निघाला तशी तारा ओरडली, "न्या! पण पाणी आता हवा खाणाऱ्यानंच भरावं!"

"माही पाळी होती आज," म्हणत म्हाताऱ्या रामाजींनी बादली पालथी घातली. ती सरळ करायला हॉलमधलं कोणी उठलं नाही.

ताराला संध्याकाळीच काढलं. प्रेमिला दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

मधुकररावांना खुर्ची मिळाली. भर दुपारी नळावरून बादली आता तेच आणतात, आणि वरच्या खिडकीतून कोणीतरी शिट्टी मारतं. साहेबांना काम मिळालं, शेठला युक्ती. किंमत ताराने नोकरीने चुकवली. उरलेली ओतशाळेतले भट्टीपुढचे लोक चुकवून राहिलेत; त्यांना कूलर दिसतो तो इन्स्पेक्टरबरोबरच.