लायलॅकची जागा

आर्डिस क्नुटसन गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याची बादली होती आणि बादलीत कात्री. ते पाहून लॉवेल ब्रांडेसने नजर वळवली.

दरवर्षी मेअखेरीस, कबरींवर फुलं वाहायच्या दिवसांत, ही बादली यायची. हिवाळाभर त्याला ते ठाऊक होतं. फोन उचलून दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. आज करू, उद्या करू म्हणत त्याने ते ढकललं होतं.

फाटकापाशी फेरीला आलेली मंडळी पँटी मोज्यांत खोचत होती. गोचिडांचे दिवस होते. आयोवातलं हे जुनं कबरस्तान जेमतेम एकरभराचं, चारी बाजूंनी मक्याची शेतं. इथे नांगर कधी फिरला नाही, म्हणून मूळचा प्रेअरीचा गवताळ माळ थडग्यांच्या आसऱ्याने टिकला. त्याची राखण लॉवेलकडे होती. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्याने गावातली माणसं जमवली होती. वसंतात झाडं-फुलं बघायची फेरी, उन्हाळा सरताना बी गोळा करणं, थंडीच्या तोंडावर बाहेरून आलेली झाडं काढणं, असा वर्षाचा क्रम.

गेल्या ऑक्टोबरात त्याने वर्ग घेतला, विषय होता इथलं कोण आणि बाहेरचं कोण. मागच्या कोपऱ्यात लायलॅकची, जांभळ्या सुवासिक फुलांच्या झुडपाची, जुनी जाळी होती, बैलगाडी झाकेल एवढी पसरलेली. नमुना म्हणून त्याने तीच निवडली. "हे परदेशातून आलंय. दिसायला देखणं, वासाला गोड, म्हणून कुणी हात लावायला धजत नाही," तो म्हणाला आणि लोक हसले. करवत लावताना मनात काहीतरी टोचलं होतं. पण समोर माणसं वाट बघत उभी होती. बुंधे जमिनीसपाट कापले, कापल्या जागी तणनाशक फासलं, वर माती ओढून गवताचं बी टाकलं. फांद्या शेकोटीत गेल्या आणि तो धूर डोळ्यांत जाताना त्याला आठवलं.

त्याआधीच्या जुलैत तो एका आमरीचा, रानटी ऑर्किडचा, फोटो काढायला पालथा पडला होता. मागे उभ्या राहून आर्डिसबाई सांगत होत्या, "ती लायलॅक माझ्या आईने लावली, इंगाच्या उशाशी. दगड बसवायची ऐपत नव्हती. माझी धाकटी बहीण ती, बोलायलाही शिकली नव्हती. तेवढी जाळी सांभाळ." आणि कॅमेऱ्यातून डोळा न काढता तो "हो, हो" म्हणाला होता.

शेकोटीत सगळे बटाटे भाजत होते. त्यानेही एक सोलून खाल्ला. आठवलेलं कुणाला सांगितलं नाही, त्यानंतरही नाही.

"आज आपण या बाजूने सुरुवात करू," तो आता मंडळींना म्हणाला आणि त्यांना मुद्दाम लांबच्या कुंपणाकडे घेऊन गेला. तारांवर बॉबोलिंक पक्षी ओरडत होते. तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलत होता आणि त्याची नजर कोपऱ्याकडे होती. आर्डिसबाई काठी टेकत तिथवर गेल्या, थांबल्या. त्यांनी बादली खाली ठेवली.

"तुम्ही बघत राहा, मी आलोच," असं म्हणून तो तिकडे गेला.

"लॉवेल, माझी नजर कमी झालीय, कबूल," त्या म्हणाल्या. "पण एवढी?"

"नाही, आर्डिसबाई. तोडलीय जाळी."

"कुणी?"

"मीच."

"मी सांगितलं होतं ना तुला?"

"हो."

"मग ऐकू आलं नव्हतं की ऐकायचं नव्हतं?"

आर्डिसबाईंनी त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"बरं. जागा तरी दाखव. मला ती जाळीवरूनच कळायची, आणि इंगा इथे आहे हे माहीत असलेली मीच एक उरलेय आता."

त्याने आजूबाजूला पाहिलं. माळाचं जुनं गवत दर वसंतात जाळायचं, ते वाऱ्यामुळे या वर्षी राहिलं होतं. गेल्या सालचं वाळकं गवत गादीसारखं पसरलेलं, त्यातून नवं हिरवं वर आलेलं. एप्रिलमध्ये तो एकटा येऊन इथे दोनदा रांगला होता, एखादा तरी फुटवा दिसतोय का म्हणून. आपलं काम कच्चं निघावं असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं होतं. तो पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि हाताने गवत चाचपू लागला.

मंडळी मागोमाग आलीच.

"सर, काय सापडलं? आमरी?" केल्सीने विचारलं. ती त्याची जुनी विद्यार्थिनी, आता दवाखान्यात परिचारिका, प्रत्येक फेरीला हजर.

आर्डिसबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी त्याला वेळ दिला.

"असंच," लॉवेल म्हणाला. "एक झाड बघतोय."

"दुर्मीळ दिसतंय! सर नाव सांगत नाहीत म्हणजे नक्कीच," कुणीतरी म्हणालं आणि हसतहसत सगळे खाली बसले. आता बोलावं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात उजवीकडून केल्सी ओरडली.

"सर! हे बघा काय चुकून राहिलं होतं! लायलॅकचा फुटवा!" तिने हात उंच केला. बोटभर फुटवा, बदामाच्या आकाराची पानं, खाली पांढरं मूळ लोंबत होतं. "मुळासकट काढलाय. तुम्हीच म्हणाला होतात ना, एकही सोडायचा नाही."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. आर्डिसबाई काठी टेकत एक पाऊल पुढे आल्या.

"कुठून उपटलास, पोरी?"

"इथूनच की. इथेच कुठेतरी." केल्सीने गवतावरून हात फिरवला. सगळ्यांच्या गुडघ्यांनी गवत दडपलं होतं.

लॉवेल रांगत पुढे गेला. "कुणीही हलू नका," तो म्हणाला आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. वाळकं गवत बाजूला करत, माती चाचपत तो पुढे सरकला आणि मग त्याच्या बोटाला ते ओलं भोक लागलं. त्याने तर्जनी आत घातली. बाजूला कापलेल्या बुंध्याची गुळगुळीत चकती लागली.

"इथे," तो म्हणाला.

आर्डिसबाईंनी केल्सीच्या हातातून फुटवा घेतला, तिच्या बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवून मुळाभोवती गुंडाळला आणि अलगद बादलीत ठेवला.

"गाडीत खुरपं आहे, ते आणते."

"मी आणते ना, आजी," केल्सी म्हणाली.

"तू थांब. लॉवेलला तुम्हा सगळ्यांना काहीतरी सांगायचंय." मग खाली बघून, "बोट काढू नकोस, लॉवेल. परत हरवायला ही जागा म्हणजे काही किल्ली नाही."

त्या काठी टेकत निघाल्या. मंडळी उठून उभी राहिली, पण कुणी जागा सोडली नाही. केल्सी आपल्या मातीने भरलेल्या हाताकडे बघत होती.

"सर, माझं काही चुकलं का?"

"नाही. मी शिकवलं तेच तू केलंस."

"मग खाली आहे काय?"

"इंगा," तो म्हणाला आणि मान वर न करता, जुलैपासून सांगायला लागला. आमरीपर्यंत आला, "हो, हो" पर्यंत आला, बटाट्यांपर्यंत आला. मध्ये कुणीही हसलं नाही. सांगून संपलं तेव्हा आर्डिसबाई अजून फाटकापाशीही पोचल्या नव्हत्या.